खाडीतलं हळदीकुंकू

आमच्या ऑफिसातली मंडळी सुट्टी टाकून काश्मीरला जातात, उटीला जातात आणि परत आल्यावर चार महिने डबा खाताना त्याच्याशिवाय दुसरं बोलत नाहीत. मी कुठे जाणार? मी गेल्या रविवारी मुलुंडहून चारकोपला जाऊन आले. सकाळी गेले, संध्याकाळी परत. पण सांगते, काश्मीरला शिकाऱ्यात बसून आलेल्या आमच्या हेडक्लार्कबाईंनी जे पाहिलं नसेल ते मी पाहिलं. त्या शिकाऱ्यात बसल्या, मी थेट शिकारीला गेले. तेसुद्धा काळी चंद्रकळा नेसून आणि अंगभर हलव्याचे दागिने घालून.

आता हे असं का झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय.

आमचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झालेत. विलास, म्हणजे माझा नवरा, मूळचा मालवणकडचा. आई लहानपणीच गेली, म्हणून त्याला त्याच्या आत्याने वाढवलं. आत्याचे यजमान, ज्यांना तो आतोबा म्हणतो, गिरणीतून निवृत्त झाले आणि दोघं लालबागची खोली सोडून चारकोपच्या नव्या सेक्टरात राहायला गेली. या आत्याला मी पसंत नव्हते. भांडण वगैरे काही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की मासळी न खाणारी, न शिजवणारी पोरगी आपल्या पोराला उपाशी मारणार. तिने माझं नावसुद्धा ठेवून टाकलं होतं, ‘वरणभातवाली’. लग्नाच्या दिवशी नेमके तिचे पाय दुखायला लागले आणि ती आलीच नाही. त्यानंतर विलास एकटाच चारकोपला जाऊन यायचा. येताना मान खाली घालून यायचा. आत्याने विचारलं का माझ्याबद्दल, असं मी विचारलं की म्हणायचा, “विचारेल गं. वेळ लागतो तिला.” ज्या बाईने नवऱ्याला जेवू घालून मोठं केलं तिने आपल्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नये, हे मला फार लागत होतं. दिवसभर हसतखेळत असायचे, पण लागत होतं.

आमच्याकडे फोन नाही. फोन आहे वरच्या मजल्यावरच्या लेलेकाकूंकडे. संक्रांत झाल्यावर दोन दिवसांनी काकू जिना उतरून स्वतः खाली आल्या, म्हणजे बातमी मोठी असणार.

“शुभदा, चारकोपहून फोन होता गं! रविवारी हळदीकुंकू आहे म्हणे. अगदी पहाटे पहाटे या म्हणाले.”

“कोण बोलत होतं?”

“पुरुषाचा आवाज होता. खरखर फार होती, मागचं-पुढचं काही कळलं नाही. तुझ्या आत्यानेच त्यांना बोलायला लावलं असणार. बायका अशाच करतात.”

मी तिथेच काकूंना मिठी मारली. पहिली संक्रांत, आणि आत्याने हळदीकुंकवाला बोलावलंय! विलास कामावरून आल्यावर त्याला सांगितलं तर तो पायातले बूट न काढता खुर्चीत बसून राहिला आणि नुसता हसत सुटला. पहाटे हळदीकुंकू कोण करतं, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. मी मनाशी म्हटलं, सुनेला लवकर बोलावून कामाला लावणार, परीक्षा घेणार. घेऊ देत.

माझ्या आईने महिनाभर बसून माझ्यासाठी हलव्याचे दागिने गुंफले होते: हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, कपाळावरची बिंदी. ते सगळं बिस्किटांच्या डब्यात कापसावर ठेवलं, चंद्रकळा नेसले आणि विलासच्या स्कूटरवर मागे बसले.

आरेच्या रस्त्याने

वाटेतलं सगळं सांगत बसत नाही. पवईपर्यंत मी झोपेत होते. पण आरे कॉलनीत शिरलो आणि झोप कुठल्या कुठे पळाली. अंधार विरघळत होता, गोठ्यांतून म्हशी हंबरत होत्या, आणि दुधाचा, शेणाचा, ओल्या गवताचा असा काही वास येत होता की वाटलं, आपण मुंबईच्या बाहेरच पडलो. थंडी होती. मुंबईची थंडी म्हणजे दोन आठवड्यांची पाहुणी, पण त्या पहाटे ती खरीखुरी आली होती. मी डबा पोटाशी धरून विलासच्या पाठीला टेकले होते आणि आत्याच्या पाया पडताना काय बोलायचं त्याची मनात तालीम करत होते.

चारकोपला अजून अर्धी घरं उभी राहतायत. एक गल्ली झाली की पुढे नुसते खांब, वाळू, विटा, आणि त्याच्या पलीकडे खाडी. वळणावर विलासला थांबवलं आणि स्कूटरच्या आरशात बघून मी सगळे दागिने चढवले. गाठी त्याने मागून मारल्या, त्याही चांगल्या दोन-दोन. “कशी दिसते?” विचारलं तर म्हणाला, “झकास. आत्याची विकेटच जाईल.”

दारात

विकेट गेली ती माझी.

दारात आतोबा उभे होते. खाकी अर्धी चड्डी, कमरेला काडतुसांचा पट्टा, खांद्याला दुनळी बंदूक आणि पायाशी एक काळं कुत्रं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुत्र्यानेही पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर सारखंच आश्चर्य होतं.

“ह्या काय गो? खंय लगीन आसा?”

“हळदीकुंकू…” मी म्हणाले.

“तर! खाडयेत हळदीकुंकू उतारला हा, म्हणान तर विलासाक फोन केलंय. काय ती जोडी! माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय.”

विलासने कपाळावर हात मारला. “वाट लागली. अगं, हळदीकुंकू म्हणजे बदक!”

“बदाक गो!” आतोबा मोठ्या हौसेने समजावू लागले. “काळी चोच. टोकाक हळद, मुळाक कुंकू. दरवर्षी या दिवसांत एक तरी पाडतंय मी. यंदा एक गावला नाय.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बायका का म्हणत असतील ते मला त्या क्षणी कळलं. कोणी बोलावलंच नव्हतं मला. बोलावलं होतं विलासला, बदकं मारायला. आणि मी साखरेने मढून दारात उभी! एवढ्यात आत्या बाहेर आली. ठेंगणी, अंगाने भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी वाकून नमस्कार केला. तिने “हां” म्हटलं, पाय मागे घेतले नाहीत एवढंच. मग विलासला म्हणाली, “चाय पिऊन जा,” आणि मला म्हणाली, “बस.”

ते ‘बस’ ऐकून मी चटईवर बसले खरी, पण समोर स्वयंपाकघरात ती पाठ करून चहा गाळत होती आणि चार-पाच तास या पाठीकडे बघत काढायचे या विचाराने मला घाम फुटला. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटल्यावर मी उठलेच.

“आतोबा, मीपण येते.”

विलास म्हणाला, “वेडी का काय तू?” आत्याच्या हातातली गाळणी थांबली. आतोबांनी मात्र माझ्या साडीकडे पारखून पाहिलं.

“काळी साडी बरी आसा. बदकांका काळा दिसणा नाय. ते पांढरे मणी तेवढे काढ.”

काढायला गेले तर विलासने मारलेल्या गाठी सुटेनात. शेवटी वरून त्याची तपकिरी शाल गुंडाळली आणि निघाले.

खाडीत

मुलुंडलाही खाडी आहे. पण आम्ही ती फक्त नाक दाबण्यापुरती ओळखतो. चारकोपच्या खाडीत पाय टाकल्यावर पहिला वास तोच आला, खारट, कुजट, मचूळ. आणि थोड्या वेळाने तो येईनासा झाला आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. सोडून दिलेल्या मिठागराच्या बांधावरून आम्ही एकामागे एक चाललो होतो. एका बाजूला उथळ पाण्याचे चौकोन, आकाश अख्खं त्यात उतरलेलं. दुसऱ्या बाजूला तिवरांची झाडी आणि तिच्या कडेने खाडीचा फाटा. लांब लाल पायांचे शेकाटे पाण्यात असे जपून पावलं टाकत होते, की त्यांना जणू माझ्यासारखीच साडी सांभाळायची होती. एक टिटवी आम्हाला बघून जी ओरडायला लागली ती थांबेच ना. लांबवर, पलीकडच्या मालवणी वस्तीच्या बाजूला सूर्य अजून पोचला नव्हता, पण आमच्या मागे इमारतींच्या वर लाल झालं होतं.

मी तोंड उघडं टाकून बघत होते. मुंबईत राहून हे आपल्याला कोणी सांगत कसं नाही? जायचं असेल त्यांनी लवकर जावं. भराव घालायला आलेले मातीचे ट्रक त्या कडेला रांगेने उभे होते.

बांधाआड गवतात बसल्यावर आतोबांनी पिशवीतून जे काढलं ते बघून मला हसू आवरेना. वरच्या काथ्याच्या सोडणासकटचे सुके नारळ होते. प्रत्येकाला वाकड्या काटकीची मान, तिला लाकडाचं डोकं, आणि सगळ्याला बुटाचं पॉलिश फासलेलं. खोटी बदकं! ती पाण्यात सोडली की खरी बदकं ओळखीचं कोणी बसलंय असं समजून उतरतात, असा हिशेब. आणि त्या लाकडी चोचींच्या टोकाला पिवळा रंग, मुळाशी दोन लाल ठिपके.

“रंग कुठला हा?” मी विचारलं.

विलास खाली मान घालून हसायला लागला. आतोबा इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, “घरातलोच. हळद आणि कुंकू. खोबरेल तेलात कालवला की पाण्यान जाणा नाय. तुझ्या आत्याक सांगू नको.”

मग गप्प बसायचं. ही शिकारीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, निदान माझ्यासाठी. आतोबा मात्र कुजबुजत बोलतच होते. एका बारात तीन कशी पाडली, गिरणीतल्या साहेबाने कशी पाठ थोपटली. मध्येच एक थवा शिट्टी वाजवत डोक्यावरून गेला, आतोबांनी बार काढला आणि काहीच पडलं नाही. फक्त टिटवी, जी नुकतीच दमून गप्प झाली होती, ती पुन्हा सुरू झाली.

“वारो आडवो होतो,” आतोबा म्हणाले. पान हलत नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खऱ्या गोष्टीवर आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बदक दिसतं, पण कुठलं ते कळत नाही. “तू तरणी आसस. चोच बघ आणि सांग. टोकाक हळद असली तरच.”

आणि ती आली. जोडीच होती. पाण्यावरून एक फेरी मारली, नारळांकडे पाहिलं, पंख मागे टाकले आणि पाय पुढे करून उतरली. ते पाय केशरी होते. पुढच्याने मान वळवली, आणि मागून आलेल्या उन्हात चोच स्पष्ट दिसली. काळी चोच, टोकाला लख्ख पिवळी हळद, मुळाशी लाल कुंकू. ज्याने हे नाव ठेवलं त्याची बायको त्याच दिवशी नटून बसली असणार.

मला गप्प बसायचं होतं. पण मी ओरडलेच, “हळद आहे! कुंकू पण आहे!”

दोन्ही बदकं एकदम उडाली, आतोबा “मेलंय मी!” म्हणत उभे राहिले आणि उडत्यावर बार झाला. एक गेलं. दुसरं हवेत गोळा होऊन बांधापलीकडे खाडीच्या फाट्यात पडलं.

“गावला! जा काळू, जा!”

काळू नावाचं ते कुत्रं जागचं हललं नाही. कारण माझ्या डाव्या हातावरची शाल घसरली होती आणि ते डोळे मिटून अत्यंत समाधानाने माझ्या हलव्याच्या बांगड्या चाटत होतं.

“मेल्या, बदाक सोडून साखर खातंस!” आतोबांनी त्याच्या पाठीत चप्पल घातली. त्याने तेवढ्यात बाजूबंदही तोडून घेतला आणि तो घेऊन पसार झालं. विलास बदकामागे धावत गेला आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्याच्या वर चिखलात रुतला. “चप्पल गेली!” असं ओरडत तो तिथेच उभा राहिला, आणि पाय ओढायला गेला की आणखी खाली जाई. आतोबांचे गुडघे चिखलात उतरण्यासारखे नव्हते. भरती लागली होती. बदक हळूहळू फिरत तिवरांकडे निघालं होतं. म्हाताऱ्याने बंदूक खाली ठेवली आणि तो त्याच्याकडे बघत राहिला.

मला त्या वेळी कोणी विचारलं असतं की तू कोण, तर मी ‘वरणभातवाली’ असं म्हटलं नसतं. मी चंद्रकळेचा काष्टा मारला, शाल फेकली, बांधाच्या टोकापर्यंत पळाले आणि जिथे बांध खाडीत उतरतो तिथल्या दगडांवरून पाण्यात शिरले. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. थंडगार! कंबरपट्टा विरघळताना मला कळत होता, चिकट चिकट. हाराचं टोकही पाण्यात गेलं. आईची महिनाभराची मेहनत खाडी गिळत होती, आणि मी हात लांब करून त्या केशरी पायांना पकडलं.

बदक गरम होतं. मला वाटलं नव्हतं एवढं जड होतं. मी आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. त्याची मान माझ्या मनगटावर लोळली तेव्हा मी त्याला “सॉरी हं” म्हणाले. पण सोडलं नाही. मागे वळले तर आतोबा बांधावर अक्षरशः नाचत होते आणि चिखलात उभा असलेला विलास टाळ्या वाजवत होता.

पुन्हा दारात

परत येताना आमची वरात बघायला सेक्टरातली पोरंबाळं दारात आली. पुढे मी, निथळणारी साडी, गळ्यात नुसता दोरा आणि त्यावर हलव्याचे चार दाणे, हातात बदक. मागे चिखलातून कसाबसा सुटलेला, एक चप्पल घातलेला विलास. त्याच्या मागे छाती काढून आतोबा, आणि सगळ्यात मागे जरा अंतर ठेवून काळू.

आत्या दारातच उभी होती. मला त्या क्षणी ना भीती वाटली, ना लाज. मी बदक दोन्ही हातांनी पुढे धरलं.

“आत्या, तुम्ही बोलावलं नव्हतंत. मीच हळदीकुंकू घेऊन आलेय.”

तिने बदकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या पोटातून हसू आलं, आधी खांदे हलले, मग सगळं अंग, मग ती उंबरठ्यावर मटकन बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. “अगो बाय माझे,” एवढंच तिला बोलता येत होतं. मग उठली आणि माझ्या दंडाला धरून मला आत घेऊन गेली. गरम पाणी दिलं, स्वतःचं हिरवं लुगडं दिलं, आणि माझ्या केसातला चिखल स्वतः धुतला. कसा धुतला म्हणता? भांडं घासावं तसा. पण धुतला.

दुपारी जेवायला बसलो. विलास आणि आतोबा या दोघांच्या ताटात बदकाचा रस्सा, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा, आणि वडे. आमच्या घरी असा वास आला असता तर आईने खिडक्या उघडल्या असत्या. इथे माझ्या तोंडाला पाणी सुटलं हे कबूल करते. माझ्या ताटात वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं. काय चव होती! मी तिसरा वडा घेतला, आणि मग एकदम हात थांबला. काळे वाटाणे दगडासारखे असतात. रात्रभर भिजल्याशिवाय शिजत नाहीत, एवढं वरणभातवालीलाही माहीत आहे.

“आत्या, हे वाटाणे कधी भिजत घातलेत?”

ती मान वर न करता म्हणाली, “काल रात्री. सकाळी घालून दुपारी शिजतत काय?”

“पण मला तर बोलावलं नव्हतं.”

“विलास येतलो म्हटल्यार तू येशील, असा वाटला,” ती म्हणाली, आणि घाईने माझ्या पानात चौथा वडा टाकला. “जेव गप.” विलासचा घास तसाच हातात राहिला होता. मी खाली बघून जेवले, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

निघताना तिने मला पाटावर बसवलं. तांदळाने, नारळाने ओटी भरली. मिसळणाच्या डब्यातली हळद लावली. मग कुंकवाचा करंडा उघडला आणि घरात स्फोट झाला.

“माझो करंडो रिकामो! परत बदकाच्या चोचीक फासलात माझा कुंकू!”

आतोबा तोवर काळूला फिरवायला गेलेले होते. आत्याने करंडा उलटा करून आपटला, बोटाने तळ खरवडला. काही नव्हतं. शेजारून आणते म्हणून मी उठायला लागले, तर तिने माझा खांदा दाबून बसवलं.

“हलू नको.”

तिने स्वतःच्या कपाळावर अंगठा दाबला, आणि तोच अंगठा माझ्या कपाळाला लावला. घट्ट, बराच वेळ.

संध्याकाळी जिन्यातच लेलेकाकू भेटल्या. त्यांच्या नजरेत हिरवं लुगडं भरलं, मग माझ्या हातातला, चोच रंगवलेला नारळ भरला. तो आत्याने वाण म्हणून दिला होता, तिच्या मते तिचं अर्धं कुंकू त्याच्यावरच होतं.

“कसं झालं गं हळदीकुंकू?”

“झकास झालं, काकू.”

“अगं, पण कुंकू किती वाकडं लागलंय. पुसून नीट लाव.”

घरात गेले. आरशात पाहिलं. खरंच वाकडं होतं, एका बाजूला अंगठ्याच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. मी पुसलं नाही.